गुजरीतली डबी

आण्णा गेल्यावर त्यांचं नाव एकेका ठिकाणाहून कमी करायचं काम माझ्याकडे आलं. पेन्शन, बँक, गॅस, रेशनकार्ड. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला दाखवायचा, कारकून मान हलवणार आणि एक रेघ ओढणार. मी हे सगळं नीट पार पाडलं. मार्चमध्ये पुण्याला परत आले, ऑफिसात टेबलावरची मुद्रितं पुढे ओढली आणि तपासायला लागले. मी एका प्रकाशन संस्थेत आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम आहे.

एक जागा मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. एका दुपारी सहज आण्णांची ई-मेल उघडली, तर तिथं इंग्रजीत एक निरोप येऊन पडला होता. 'प्रिय पावणं,' अशी त्याची सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं, की तुमची डबी गेल्या काही महिन्यांत आलेल्या कुणालाच सापडलेली नाही. ती जागेवर आहे का, हे स्वतः पाहून महिनाभरात कळवा. कळवलं नाही, तर नाइलाजानं ती नकाशावरून काढून टाकावी लागेल.

हा एक खेळ होता आणि आण्णा तो निवृत्तीनंतर शिकले होते. कुणीतरी एखादी लहानशी डबी कुठंतरी लपवायची. आत कागदाची गुंडाळी ठेवायची. त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि एक खूण संकेतस्थळावर टाकायची. मग जगातल्या कुणीही हातात यंत्र घेऊन यावं, डबी शोधावी, कागदावर सही करावी आणि होती तशी परत ठेवावी. बक्षीस नाही. अट एवढीच, की आजूबाजूच्या माणसांना पत्ता लागता कामा नये. जागा जितकी गजबजलेली, तितकी मजा जास्त.

आण्णा टेलिफोन खात्यात होते. रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात बसून केबलच्या रंगीत तारा जोडायचे. निवृत्त झाल्यावर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. पण कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीतल्या आमच्या घराचं वायरिंग त्यांनी दोनदा बदललं, तेव्हा आम्हाला कळायचं ते कळलं. त्याच सुमारास माझा चुलतभाऊ सूरज मस्कतहून आला, तो एक पिवळं यंत्र घेऊन. उपग्रहांकडून जागा विचारून घेणारं. त्यानंच आण्णांना हा खेळ दाखवला आणि संकेतस्थळावर नाव काय घ्यायचं म्हणून विचारलं. आण्णा म्हणाले, "येणार ते सगळे पावणंच की. 'पावणं' टाक."

कोल्हापुरात ओळख नसलेल्या माणसाला पावणं म्हणतात. आण्णांनी ते नाव स्वतःलाच घेतलं.

तर त्यांनी गुजरीत, म्हणजे महाद्वार रोडजवळच्या सराफांच्या गल्लीत, एक डबी लपवली. संकेतस्थळावरचा मजकूर डिक्शनरी घेऊन स्वतः इंग्रजीत लिहिला. आणि शेवटी, खेळात आजवर कुणी केलं नसेल ते केलं. 'न सापडल्यास फोन करा' असं लिहून घरचा नंबर दिला.

त्या दुपारी मी त्या पानावरच्या जुन्या नोंदी पहिल्यांदाच वाचल्या. बंगळुरूचा एक इंजिनिअर लिहितो, की तासभर शोधलं, मग फोन केला, मालक लुनावरून आले, त्यांनी डबी दाखवली आणि घरी जेवायला नेलं. एक जर्मन जोडपं लिहितं, की आम्हाला फक्त खूण हवी होती, पण मटणाचं सुकं आणि भाकरी मिळाली. नाशिकच्या एका बाईंनी तर डबीचा उल्लेखही केलेला नव्हता; आईच्या खरड्याची कृती लिहिली होती. ज्यांना ज्यांना डबी सापडली, त्यांतल्या एकालाही ती स्वतःहून सापडलेली नव्हती. प्रत्येकाला आण्णांनी दाखवली होती.

डिसेंबरनंतरच्या सगळ्या नोंदींत एकच वाक्य होतं. सापडली नाही.

मला ती डबी नकाशावरून जाऊ द्यायची नव्हती. बाकी सगळीकडे मी स्वतः रेघ ओढून घेतली होती. इथं कुणीतरी विचारत होतं, की जागेवर आहे का. निदान याचं उत्तर बघून द्यावं, असं मला वाटलं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं निघून रात्री घरी आले. आई दारातच होती.

"अशी मधीच कशी काय आलीस? तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. आण्णांची ती गुजरीतली डबी आहे ना, ती बघायला आले."

"आगं, तिच्यासाठी फोन येत्यात की." आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "दोनदा आलता. कोण तरी हिंदीत बोलत हुतं. म्या सांगितलं, ते गेले. तर म्हणतंय, कब आयेंगे?"

"मग?"

"मग काय. ठेवला." आई ताटं काढायला वळली. "जेवतीस न्हवं?"

जेवताना तिला विचारलं, की डबी नक्की कुठं आहे, आण्णा कधी बोलले होते का.

"मला कुटं न्हेलंय त्यांनी. गुजरीत हाय एवढं ठावं हाय. आन् दुपारी बारा वाजता येऊन म्हणायचं, सोनू, दोन पावणं हाईत, पीठ काढ."

"किल्लीच्या मागं आहे, असं लिहिलंय त्यांनी."

"कुणाची किल्ली?"

"तेच कळत नाही."

"त्यांनी किल्ली कशाला हुडकली असती?" आई म्हणाली. "कपाटाची रोज म्याच हुडकून द्यायची त्यांस्नी."

आण्णांनी दिलेली खूण इंग्रजीत होती आणि तीन शब्दांचीच होती. बिहाइंड ओल्ड की. जुन्या किल्लीच्या मागे.

शनिवारी अकराच्या सुमाराला आण्णांचं यंत्र पिशवीत घालून मी गुजरीत शिरले. लग्नसराई होती. दोन्ही बाजूंनी सराफी दुकानं, मध्ये जेमतेम दोन स्कूटर जातील एवढी वाट, आणि त्या वाटेत नवरीकडचे, नवऱ्याकडचे, पॉलिशवाले, चहाची किटली घेऊन पळणारा माणूस. यंत्र मधूनमधून पिशवीतच बघत होते. इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याला आकाश पुरत नव्हतं. बाण एकदा डावीकडे दाखवायचा, एकदा उजवीकडे, आणि एकदा तर मी आले होते तिकडेच परत जा म्हणाला.

पण गल्लीच्या तोंडाशीच एक किल्लीवाला बसला होता आणि त्याच्या डोक्यावर, हातभर लांबीची, पिवळ्या रंगानं रंगवलेली लाकडी किल्ली टांगलेली होती. रंगाचे पापुद्रे निघाले होते. जुनी किल्ली. मला हायसं वाटलं. आण्णांनी एवढी सोपी खूण द्यावी आणि एवढ्या माणसांना ती कळू नये, याचं थोडं नवलही वाटलं. मी भिंतीकडून मान वाकडी करून किल्लीच्या मागं बघू लागले.

"बोर्ड इकायचा न्हाय," खालून आवाज आला.

"नाही, मी नुसतं बघत होते."

"बघा की. सगळीच बघत्यात." किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. "मागं दोघं आलती, पाठीवर ही एवढाल्या पिशव्या. इचारणं न्हाय, पुसणं न्हाय, सरळ बोर्डच काढला खाली. म्हटलं, पावणं, अतिक्रमणवालं हाय का काय तुमी? तर इंग्लिश बोलाय लागली. त्येच्या आदी एक बाई. त्येच्या आदी आनि एक. शेवटी म्या सोता उचकटून बघितला, म्हटलं बापानं मागं सोनं-बिनं ठेवलंय का काय."

"काय निघालं?"

"पाल."

म्हणजे सगळे इथवर आले होते आणि इथूनच परत गेले होते. मी मुकाट्यानं पुढे सरकले. यंत्राचा बाण त्यातल्या त्यात जिथं स्थिर होत होता, ती जागा बरीच आत, गल्लीच्या मध्यावर होती. तिथं एका दुकानाची बंद बाजू, एक विजेचा खांब, सिमेंटचा एक बुटका दगडवजा ठोकळा आणि गटाराची जाळी होती. किल्ली कुठं नव्हती. एखाद्या शटरवर, पाटीवर किल्लीचं चित्र तरी असेल म्हणून मी भिंत न्याहाळली. मग खाली वाकले.

कोल्हापुरात रस्त्यावर वाकायचं नसतं, हे मी पुण्यात राहून विसरले होते.

"काय सांडलं ओ ताई?" समोरच्या दुकानातून विचारणा झाली.

"काही नाही."

"काय न्हाय कसं? हुडकतायसा की."

काहीतरी सांगणं भाग होतं आणि सराफांच्या गल्लीत जे सुचायला नको तेच मला सुचलं. "कानातली फिरकी पडली."

पुढचं सगळं फार वेगानं झालं. "पाय उचला! पाय उचला! ताईंची फिरकी पडलीया!" अशी हाळी उठली. एक स्कूटर जागच्या जागी थांबवली गेली आणि तिच्यावरच्याला सांगण्यात आलं, की चाक हलवशील तर बघ. दोन सराफ गादीवरून उठून अनवाणी खाली उतरले. कुणीतरी चुंबक आणला. सोन्याला चुंबक लागत नाही म्हणून त्याला दुसऱ्यानं वेड्यात काढलं. नवरीची आई, नवरी आणि नवरीची मावशी तिघी हातातल्या पिशव्या कडेला ठेवून वाकल्या. पाच मिनिटांत गुजरीतली निम्मी माणसं जमिनीकडे तोंड करून उभी होती, आणि मी त्यांच्यामध्ये उभी राहून, कुणाला कळू नये अशा रीतीनं खांबाच्या मागं बोटं घालत होते.

"आवं, पण ह्यांच्या दोन्ही कानांत फिरक्या हाईत की," मावशी मोठ्यानं म्हणाली.

सगळ्यांनी माझ्या कानांकडे बघितलं.

"आईच्या कुड्यांची," मी म्हणाले. "पिशवीत होती."

"मग असं सांगा की. म्या ह्या कानाच्या अंगाला बघाय लागलोय मघाधरनं," चुंबकवाला म्हणाला आणि पुन्हा वाकला. कान आणि गटार यांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही.

फिरकी अर्थातच मिळाली नाही. लोक हळूहळू हळहळत पांगले. समोरच्या सराफानं मला खुर्ची दिली, चहा पाजला. "काळजी करू नगा," म्हणाला. "बयाबाईस्नी सांगून ठेवतो. रोज सांज-फाटंचं येत्यात गल्ली झाडाय. हितं पडल्यालं कुटं जात न्हाय. घावली तर त्यांस्नीच घावणार."

बयाबाई ही झारेकरीण. सोनारांच्या दुकानांसमोरची धूळ गोळा करायची, पाण्यात धुवायची आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेगळे काढायचे, हा या लोकांचा पिढीजात धंदा. मी त्या सराफाचे आभार मानले आणि त्याचा चहा प्यायले. खोट्या फिरकीसाठी मिळालेला चहा चांगला होता.

बसमध्ये बसल्यावर विचार केला. गर्दीत जमणार नाही. दुकानं उघडायच्या आत यावं.

रविवारी पहिल्या बसनं आले. गुजरीची शटर्स बंद होती, वर कुणाच्यातरी खिडकीत रेडिओ लागला होता. पण गल्ली रिकामी नव्हती. एक म्हातारी बाई उकिडवी बसून, मऊ केरसुणीनं, रांगोळी भरावी तितक्या हलक्या हातानं पायरीच्या खोबणीतली धूळ पुढे ओढत होती. शेजारी लोखंडी पाटी. मी लांबून वळसा घालून खांबापाशी गेले आणि जाळीच्या कडेनं बघायला लागले.

"ए बाई! कुठली गं तू?"

"मी... इथलीच."

"हितली न्हवंस. हितल्या मला म्हाईत हाईत सगळ्या. ही दहा दुकानं माझ्या सासूपास्नं आमची हाईत. भेंडी गल्लीकडची धोंडुबाईची. तुला कुणी बसवली हितं?"

मी तिच्या धंद्यावर आले आहे, असं तिला वाटलं होतं. मी घाईनं म्हणाले, "तसं काही नाही हो आजी. काल मी इथं..."

"आगं, फिरकीवाली व्हय!" तिचा आवाज एकदम बदलला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदराची गाठ सोडली, कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आत सोन्याची एक इवलीशी फिरकी होती. "काल दिवं लागल्यावर घावली. कुणी सांगून ठेवलं नसतं, तर गेली असती पाटीत. पर अख्ख्या गल्लीनं सांगितलंतं, ताईंच्या आईची हाय म्हणून. घे. अशी पिशवीत टाकू नगंस आता."

मी पुडीकडे बघत राहिले. खोटं बोलून झालं होतं आणि त्याला खरी फिरकी लागली होती.

"आजी, ही माझी नाही."

"नीट बघ की."

"नीटच बघते. माझं काही हरवलंच नव्हतं."

बयाबाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग काल अख्खी गुजरी कशाला वाकवलीस?"

मी खरं ते सांगितलं. "माझ्या वडलांनी इथं एक डबी लपवलीय. ते वारले. ती आहे का बघायला आले."

"सोन्याची?"

"नाही. साधी. फोटोच्या रोलची."

"आत काय हाय?"

"कागद."

"नोटा?"

"नाही हो. नुसता कागद. लोकांनी येऊन शोधायची, सही करायची आणि परत ठेवायची."

"आन् घरला काय न्हेत्यात?"

"काही नाही."

तिनं पुडी पुन्हा बांधली, पदराच्या गाठीत घातली. "ही आता माझी," म्हणाली. पाटी उचलून ती त्या सिमेंटच्या ठोकळ्यापाशी गेली. "हुडकून परत ठेवायची," ती स्वतःशीच म्हणाली. "आन् मला येडी म्हणत्यात. सर जरा बाई, चावीला पाणी आलं."

मी सरकले. ठोकळ्याच्या मध्यातून बाहेर आलेल्या पितळी तोटीला आधी सुस्कारा फुटला, मग पाणी. तिनं पाटी खाली धरली.

मी तशीच उभी राहिले. चावी. आमच्याकडे नळाला चावी म्हणतात. चावी सोड, चावी बंद कर, चावीवर भांडणं झाली, चावी गळतीया. कुलपाची ती किल्ली आणि पाण्याची ती चावी. अठराव्या वर्षी पुण्याच्या वसतिगृहात मी 'चावी चालू आहे का' असं विचारलं तेव्हा खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या होत्या. तेव्हापासून मी नळ म्हणते. आण्णा कुठंच गेले नव्हते. ते चावीच म्हणत होते. जुन्या चावीच्या मागं त्यांनी डबी लपवली, घरी जाऊन डिक्शनरीत चावी हा शब्द काढला आणि त्याच्यापुढचा इंग्रजी शब्द उतरवून घेतला. की.

जर्मनीपासून नाशिकपर्यंतची माणसं त्या शब्दापायी किल्लीवाल्याच्या पाटीमागं शोधत होती. आणि मुद्रितं तपासणारी मीही.

"आजी, जरा हात घालू का मागं?"

"घाल की. इंचू असतोय कदी कदी."

ठोकळा आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. भिंतीला टेलिफोन खात्याची एक गंजकी पट्टी होती, केबल कधीच काढून नेलेली. त्या पट्टीच्या आतल्या अंगाला माझ्या बोटांना तार लागली. टेलिफोनची तार, निळी आणि पांढरी, एकमेकींना पिळलेली, आणि टोक आत दुमडून दाबलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. घरातली प्रत्येक तार अशी होती. डबी बघायच्या आधीच मला कळलं.

"घावली?"

"हो."

"उघड की मग. बघतीस काय नुसती."

काळी डबी, करडं झाकण. आतला कागद कोरडा होता. त्यावर नावं होती, वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या पेनांनी. आणि प्रत्येक नावाच्या खाली आण्णांची सही, तिच्या वर एक शब्द. समक्ष. सरकारी माणूस. कुणाला काही सापडलं, तर ते आपल्यासमोर सापडलं, हे लिहून दिल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसणार. शेवटची सही नोव्हेंबरमधली होती. तिच्या खाली कागद कोरा होता.

मी पेन काढलं. दीक्षा अण्णासो मधाळे, असं लिहिलं आणि तारीख घातली.

"झालं?" बयाबाईनं विचारलं.

"ह्याच्या खाली साक्षीला नाव लागतं."

"मग माझं घाल. म्या हायच की हितं."

मी लिहिलं. समक्ष, बयाबाई. तिला अंगठा उठवायचा होता. हात ओला होता, तरी तिनं तो पेनाच्या शाईत बुडवता येतो का याची चौकशी केली. मी नको म्हणाले, कागद भिजेल. मग तिनं नाव कुठं लिहिलंय ते बोटानं दाखवून घेतलं.

डबी परत बांधताना तारेचं टोक मला आण्णांसारखं दुमडायला जमलं नाही. बयाबाई म्हणाली, राहू दे. "आता मला ठावं हाय. कोण उचलाय लागला तर म्या हाय."

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी काटवटीशेजारी पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. फिरकीपासून. ऐकताना तिनं तव्यावरची भाकरी करपवली, ही गोष्ट आमच्या घरात सहसा होत नाही.

"चावी!" ती म्हणाली. "आगं, ते मला म्हणायचं, एवढी शिकल्याली माणसं ही, देशोदेश फिरत्यात, आन् समोरची चावी दिसत न्हाय ह्यांस्नी. दर बारीला म्हणायचं. लई नवल वाटायचं त्यांस्नी."

आम्ही दोघी हसलो. मग ती पदरानं तोंड पुसत बसली, मी तव्याकडे बघितलं.

"संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन कळवते, की डबी जागेवर आहे," मी म्हणाले. "आणि ती खूण दुरुस्त करते. की काढून इंग्रजीत नळ लिहिते. म्हणजे सापडेल लोकांना."

आईनं दुसरा गोळा हातात घेतला. तो थापायला सुरुवात केली नाही.

"मंग फोन कशाला करतील?"

"नाहीच करणार. करायची गरजच पडणार नाही."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "मला गुजरीत दाखवून ठेव जाताना. किती आत हाय ते."

आण्णा गेल्यापासून आई दूधवाल्याच्या पुढे गेली नव्हती, हे मला त्या वेळी आठवलं.

त्याच दुपारी आम्ही दोघी बसनं गेलो. तिनं चावी बघितली, फटीत हात घालून तार चाचपली आणि टोक दुमडून दाबलं, मला जमलं नव्हतं तसं. येताना तिनं कपिलतीर्थ मंडईतून वांगी घेतली. मी कॅफेत गेले. डबी जागेवर आहे, असं लिहिलं. मालक बदलल्याचंही कळवलं. त्याला तिथं दत्तक घेणं म्हणतात. मग खूण असलेल्या चौकटीपाशी थांबले. मुद्रितात असा शब्द दिसला असता, तर मी तो लाल शाईनं कापला असता आणि समासात बरोबर शब्द लिहिला असता. कधीकधी लेखक हट्ट धरतो, तेव्हा समासात आम्ही वेगळं लिहितो. आहे तसे ठेवावे.

मी पान बंद केलं.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेले होते. सकाळी दीक्षाभूमीचा कार्यक्रम टीव्हीवर लागला होता आणि फोन वाजला. मी उठायच्या आत आईनं उचलला.

"हा, बोला पावणं... व्हय, सापडत न्हाय तिकडं. रुको, रुको. तुम किल्लीवाले के पास खडे है क्या?... उससे मत झगडा करो, वो अच्छा है. मैं आता है. आधा घंटा." तिनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "कलकत्त्याची हाईत. नवराबायकू. हे बंगाली लोक काय खात्यात गं?"

"मासे."

"आता मासं कुटनं आणू?" तिनं चप्पल शोधायला सुरुवात केली. "तू भात टाक. आन् अंडी किती हाईत बघ."